रानाचे दार उघडणारा माणूस

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की आपल्याकडचे आईवडील एखाद्या उन्हाळ्यात तिकडे जाऊन येतात. पूर्वी नायगारा, न्यूयॉर्क आणि डिस्नेलँड एवढे पाहिले की यात्रा सुफळ संपूर्ण होई. आता त्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. मुले आरव्ही नावाची एक भलीमोठी गाडी भाड्याने आणतात. गाडी कसली, चाकांवरचे बिऱ्हाडच ते! आत दोन-तीन बिछाने, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटेखानी न्हाणी आणि संडास. त्यात तांदूळ, डाळ, कुकर आणि लोणच्याची बरणी चढते आणि मंडळी यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या वाटेला लागतात.

संध्याकाळी गाडी राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्ये शिरते. एक वळणदार एकेरी रस्ता, त्याला फुटलेले छोटे छोटे फाटे आणि प्रत्येक फाट्याला एक क्रमांक. आपल्या क्रमांकावर गाडी लावायची. तिथे लाकडी टेबल असते, विस्तवासाठी लोखंडी कडे असते, बाजूला देवदाराच्या जातीची उंच झाडे असतात. शेजारच्या जागेत कुणी निवृत्त शिक्षक, पलीकडे ट्रकचालकाचे कुटुंब. हॉटेलच्या मानाने भाडे अगदी थोडे. देशातल्या सर्वांत मोलाच्या जमिनीवर रात्री पाठ टेकण्याचा हक्क असा सर्वांना मिळावा, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती घडवण्यात अनेकांचे हात होते, पण सर्वांत मोठा हात स्टीफन मॅदर या गृहस्थांचा होता. आणि हे मॅदर वनाधिकारी नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते. ते होते टाकणखाराचे व्यापारी!

मॅदर यांचा जन्म ४ जुलै १८६७ रोजी, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घराणे मूळचे पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू इंग्लंडमधले. १८८७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि सन या दैनिकात बातमीदार झाले. १८९३ साली त्यांनी जेन फ्लॉय यांच्याशी विवाह केला. त्याच सुमारास बातमीदारी सोडून, वडील जिथे काम करत त्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीत ते दाखल झाले.

टाकणखार आपल्याकडे सोनाराच्या दुकानात दिसतो. अमेरिकेत त्याच्या खाणी डेथ व्हॅलीच्या वाळवंटात होत्या. तिथून रेल्वेपर्यंतचा सुमारे १६५ मैलांचा रखरखीत रस्ता तुडवत अजस्र गाड्या जात आणि एकेका गाडीला वीस-वीस जनावरांची माळ जुंपलेली असे. ही वाहतूक १८८३ ते १८८९ एवढीच वर्षे चालली. पण बातमीदाराच्या डोळ्यांना तिच्यातली गोष्ट दिसली. मॅदर यांनी वीस खेचरांची ती गाडी पुडक्यावर आणि जाहिरातीत आणली. पांढऱ्या भुकटीला एकाएकी वाळवंटाचा वास आला, साहसाचा रंग चढला आणि ती घरोघरी कपडे धुण्यासाठी जाऊ लागली. लोकांना एखादी वस्तू हवीशी वाटायची असेल तर आधी तिची गोष्ट सांगावी लागते, ही खूणगाठ मॅदर यांनी तिथे बांधली. पुढे डोंगर आणि झरे वाचवताना हीच खूणगाठ कामी आली.

थॉमस थॉर्किल्डसेन या मित्राबरोबर त्यांनी स्वतःचा टाकणखाराचा धंदा उभारला आणि चाळिशी उलटल्यावर ते लक्षाधीश झाले. उंचेपुरे, निळ्या डोळ्यांचे, रुबाबदार, क्षणात माणूस जिंकून घेणारे असे हे व्यक्तिमत्त्व. पण या सगळ्या उत्साहाच्या तळाशी एक काळी विहीर होती. १९०३ साली ते पार कोसळले. महिनेमहिने त्यांना काही सुचेना. त्या काळात याला मज्जातंतूंचा थकवा म्हणत. पुढच्या अभ्यासकांनी त्याला उन्माद आणि खिन्नता यांच्या आळीपाळीने येणाऱ्या लाटांचा आजार म्हटले आहे. त्यातून सावरल्यावर मॅदर पर्वतांकडे वळले. १९०४ साली ते सिएरा क्लब या गिरिप्रेमींच्या संस्थेचे सभासद झाले, दुसऱ्या वर्षी माउंट रेनियर चढून गेले. डोंगरात मन ताळ्यावर राहते हे त्यांना स्वतःवरून कळले होते. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा करायचा तर ही गोष्ट विसरून चालणार नाही. उद्यान ही त्यांच्या लेखी श्रीमंतांच्या सहलीची जागा नव्हती. मोडलेल्या माणसाला सांधणारी जागा होती.

१९१२ साली त्यांची गाठ जॉन म्यूर या वृद्ध निसर्गमहर्षींशी पडली. अमेरिकेत त्या वेळी राष्ट्रीय उद्याने होती, पण त्यांना धनी नव्हता. यलोस्टोनचा पहारा १८८६ पासून घोडदळ करत होते. बाकीच्या उद्यानांचा कारभार या खात्यातून त्या खात्यात विखुरलेला. रस्ते वाईट, मुक्कामाची सोय त्याहून वाईट, कुरणांवर गुरे आणि सीमेवर लाकूडतोडे. १९१४ साली मॅदर यांनी गृहखात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांना तक्रारीचे पत्र लिहिले. त्यावर, एवढे वाईट वाटत असेल तर वॉशिंग्टनला येऊन तुम्हीच कारभार पाहा, असे लेन यांनी कळवले, अशी कथा सांगितली जाते. कथेतला मीठमसाला सोडून दिला तरी एवढे खरे, की जानेवारी १९१५ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी मॅदर मंत्र्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. एक वर्ष काम पाहतो म्हणून आलेले मॅदर चौदा वर्षे राहिले.

त्यांना साथ मिळाली ती होरेस ऑलब्राइट या पंचविशीतल्या वकिलाची. मॅदर स्वप्ने पाहात आणि माणसे जोडत, ऑलब्राइट कायद्याचे मसुदे आणि फायली सांभाळत. सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा मॅदर स्वतःच्या खिशात हात घालत. रॉबर्ट स्टर्लिंग यार्ड हे त्यांचे जुने पत्रकार मित्र. उद्यानांच्या प्रसिद्धीसाठी त्यांना आणले, तेव्हा सरकारी दप्तरात त्यांचा पगार महिना ३० डॉलर होता. वर्षाला ५,००० डॉलर मॅदर पदरचे देत. बँकेत खतावण्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना लाल पेन्सिल उचलावीशी वाटते. सरकारी माणूस, खासगी पगार! अमेरिकन काँग्रेसलाही तसेच वाटले असावे. सरकारी नोकरांच्या पगारात अशी बाहेरची भर घालण्याला तिने कायद्याने बंदी केली. पण या हिशेबात एक गोष्ट उठून दिसते. पैसा बाहेरून आत येत होता, आतून बाहेर जात नव्हता. असा गैरव्यवहार तपासनिसाच्या वाट्याला क्वचितच येतो.

जुलै १९१५ मध्ये मॅदर यांनी वजनदार मंडळींचा एक जथा सिएरा नेवाडाच्या डोंगरात नेला. त्यात नॅशनल जिऑग्राफिकचे गिल्बर्ट ग्रोव्हनर होते, न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे हेन्री ऑस्बर्न होते, काँग्रेसचे सभासद फ्रेडरिक जिलेट होते, रेल्वेचे अधिकारी होते. दोन आठवडे मुक्काम उघड्यावर. पण मुदपाकखान्यावर टाय सिंग हा चिनी बल्लवाचार्य होता. भर रानात पांढऱ्याशुभ्र कापडाचे मेज मांडले जाई. पावासाठी भिजवलेली कणीक खेचराच्या पाठीवर बांधलेली असे. जनावराच्या अंगच्या उबेने ती दिवसभरात फुगे आणि संध्याकाळी ताजा पाव मिळे. पोट भरलेला आणि नीट झोपलेला माणूसच देखावा मनापासून पाहतो, यावर मॅदर यांचा ठाम विश्वास होता. डोंगरातून परतलेले हे पाहुणे उद्यानांचे वकील झाले. दुसऱ्याच वर्षी सेक्वोया उद्यानातल्या महावृक्षांची खासगी जमीन विकत घेताना सरकारचे ५०,००० डॉलर अपुरे पडले, तेव्हा उरलेले २०,००० डॉलर ग्रोव्हनर यांच्या संस्थेने घातले.

२५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या कायद्यावर सही केली. निसर्ग आहे तसा राखायचा आणि लोकांना त्याचा आनंदही घेऊ द्यायचा, अशी दुहेरी आज्ञा त्या कायद्यात आहे. पुढच्या शंभर वर्षांचे सगळे वाद या दोन शब्दांतल्या ओढाताणीतून निघाले. मॅदर यांच्या मनातली ओढाताण मात्र त्याआधीच विकोपाला गेली. जानेवारी १९१७ मध्ये उद्यानांविषयीची मोठी परिषद आटोपली आणि मॅदर पुन्हा कोसळले. विजयाच्या घडीला सगळे संपले असे त्यांना वाटू लागले. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात त्यांना ठेवावे लागले. आजाराचा खरा प्रकार बाहेर फुटू दिला नाही. ऑलब्राइट यांनी अनेक महिने खाते एकट्याने हाकले आणि आपल्या वरिष्ठाची खुर्ची राखून ठेवली. बरे होऊन मॅदर परतले आणि पहिले संचालक म्हणून पुन्हा कामाला लागले. त्यानंतरही अशा लाटा येतच राहिल्या. मनाचा आजार झाला की माणूस संपला, असे समजण्याच्या त्या काळात एका तरुण सहकाऱ्याने दाखवलेली ही निष्ठा मला या चरित्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

आता मोटारीकडे येऊ. माउंट रेनियर उद्यानात १९०८ साली मोटारींना परवानगी मिळाली होती, योसेमिटीत १९१३ साली. यलोस्टोनचे दार १ ऑगस्ट १९१५ रोजी उघडले. त्याआधी यलोस्टोन पाहायचे म्हणजे रेल्वेने यायचे, घोडागाडीने फिरायचे आणि हॉटेलात उतरायचे. हा खर्च सुखवस्तू माणसाचा. दुसरीकडे हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी मोटार १९०८ साली ८५० डॉलरला मिळत होती, ती विशीच्या दशकाच्या मध्यावर ३०० डॉलरच्या आत आली. शेतकरी, कारागीर, शाळामास्तर यांच्या दारात गाडी उभी राहिली. मॅदर यांनी हिशेब मांडला. उद्याने पैशांवाचून टिकणार नाहीत, पैसा काँग्रेसच्या हातात, काँग्रेस मतदाराच्या हातात. तेव्हा मतदाराला उद्यानात आणले पाहिजे, आणि तो येणार स्वतःच्या मोटारीतून.

योसेमिटीच्या माथ्यावरून जाणारा टायोगा नावाचा एक जुना खाणरस्ता मोडकळीला आला होता आणि खासगी मालकीचा होता. १९१५ साली तो १५,५०० डॉलरला खरेदी झाला. निम्मी रक्कम मॅदर यांनी स्वतः घातली, बाकीची मित्रांकडून आणि संस्थांकडून उभी केली आणि रस्ता १० डॉलर नाममात्र किमतीला सरकारच्या हवाली केला. आज उन्हाळ्यात सिएरा ओलांडून योसेमिटीत उतरणारी प्रत्येक आरव्ही त्याच वाटेने, तिची पुढे सुधारणा झाली असली तरी, येते.

महायुद्ध संपले आणि मोटारींचा लोंढाच सुटला. लोक गाडीच्या बाजूला ताडपत्री बांधून तिच्याखाली झोपत. डबाबंद अन्न खाऊन हिंडणाऱ्या अशा मंडळींनी १९१९ साली फ्लोरिडात टिन कॅन टूरिस्ट्स नावाचा संघच काढला. काही हौशी लोक ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी खोली चढवून घर घेऊन निघाले. आजच्या आरव्हीचे हे आजे-पणजे. मॅदर यांच्या खात्याने त्यांच्यासाठी पाणी, संडास, जळाऊ लाकूड यांची सोय असलेले तळ उघडले. त्या काळी तंबूच्या जागेला भाडे नव्हते. मोटार आत आणण्याचा परवाना तेवढा काढावा लागे. योसेमिटीत श्रीमंतांसाठी १९२७ साली अवाह्नी हे देखणे हॉटेल उभे राहिले, तेही मॅदर यांच्याच आग्रहाने. पण त्याच दरीत, त्याच कड्यांखाली, फुकट तंबू ठोकणारा मजूरही होता. आणि कड्यावरचे चांदणे दोघांना सारखेच.

मुक्कामाला आलेल्या माणसाला संध्याकाळी काय द्यायचे? लेक टाहोजवळ प्राध्यापक लॉय मिलर यांची पक्ष्यांवरची व्याख्याने ऐकायला लोटलेली गर्दी मॅदर यांनी पाहिली आणि १९२० साली मिलर व हॅरॉल्ड ब्रायंट यांना योसेमिटीत आणले. दिवसा रानातली भटकंती आणि रात्री शेकोटीभोवती गप्पा. कॅम्पग्राउंडमध्ये आज सपाट टोपी घातलेला रेंजर मुलांना अस्वलाच्या सवयी सांगतो, त्या रिवाजाचे मूळ इथे आहे. १९१६ साली उद्यानांत सुमारे साडेतीन लाख लोक आले होते. १९२८ साली हा आकडा तीस लाखांच्या घरात गेला. मॅदर यांचा हिशेब जमला होता.

पण प्रत्येक खात्याला नावेची बाजू असते. योसेमिटीच्या कुरणांवर मोटारी वाटेल तिथे उभ्या राहात. गवत गेले, माती घट्ट झाली, झुडपे मोडली. गर्दीने झाडांचे काय होते हे एमिलिओ माइनेकी या वनस्पतिरोगतज्ज्ञाने रेडवुडच्या रानात तपासले. हजारो पावले आणि चाके मुळांवरची माती दाबून टाकतात, मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते आणि वरून हिरवे दिसणारे झाड हळूहळू मरते. १९३२ साली त्यांनी त्यावर उपाय सांगितला. एकेरी वळसा, त्याला फुटलेले तिरपे फाटे, गाडीला पुढे जाऊ न देणारे दगड आणि ओंडके, ठरलेल्या जागी टेबल व चूल, आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये राखलेली झाडी. मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी असे तळ देशभर बांधले. सुरुवातीला वर्णन केलेला क्रमांकाचा फाटा तो हाच. मॅदर यांनी दार उघडले, माइनेकींनी उंबरा घातला.

सगळे दोष असे दगड ठेवून झाकण्याजोगे नव्हते. पाहुण्यांना हरणे दिसावीत म्हणून लांडगे मारले गेले. १९२६ पर्यंत यलोस्टोनमधून लांडगा नाहीसा झाला. तो परत आणायला १९९५ साल उजाडावे लागले. या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना उद्यानांच्या मांडणीत जागा मिळाली ती बहुधा शोभेपुरती. लोकांसाठी म्हणताना लोक कोण, हा प्रश्न मॅदर यांच्या पिढीला फारसा पडला नाही.

तरीही मोटार जाईल तिथे रस्ता न्यावा, असे त्यांचे मत नव्हते. उद्यानात एखादा उत्तम रस्ता असावा आणि बाकीचे रान पायी चालणाऱ्याला सोडावे, ही त्यांची धारणा होती. ग्लेशियर उद्यानातल्या घाटरस्त्याचे दोन आराखडे त्यांच्यापुढे आले. एकात डोंगराच्या अंगावर पंधरा नागमोडी वळणे होती. दुसरा, टॉमस व्हिंट यांचा, एकच मोठे वळण घेत कड्याच्या कुशीतून जाणारा; खर्च जास्त, पण डोंगराला ओरखडा कमी. मॅदर यांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. १९३३ साली औपचारिक उद्घाटन झालेला गोइंग टू द सन रोड तो हाच. त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे, त्यामुळे मोठी आरव्ही खाली ठेवूनच वर जावे लागते. याच उद्यानात रेल्वे कंपनीने हॉटेल बांधताना उभारलेली लाकूडगिरणी, काम संपल्यावरही, बजावूनही हलवली नाही. १० ऑगस्ट १९२५ रोजी मॅदर यांनी पाहुणे जमवले आणि ती सुरुंगाने उडवून दिली. त्या दिवशी त्यांच्या बर्था या एकुलत्या मुलीचा एकोणिसावा वाढदिवस होता. विचारणाऱ्याला त्यांनी तेच निमित्त सांगितले.

नोव्हेंबर १९२८ मध्ये शिकागोत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जानेवारी १९२९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, जागा ऑलब्राइट यांच्याकडे गेली. २२ जानेवारी १९३० रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मॅदर यांचे निधन झाले. पुढे अनेक उद्यानांत त्यांच्या स्मरणार्थ कांस्यफलक बसवण्यात आले. त्यांनी केलेल्या भल्याला अंत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे.

पण त्यांचे मला भावणारे स्मारक निराळे आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला पाइनच्या रानात तीनशेहून अधिक जागांचे एक कॅम्पग्राउंड आहे, त्याचे नाव मॅदर कॅम्पग्राउंड. तिथे ३० फुटांपर्यंतची आरव्ही येऊ शकते, पण वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही. मैलापाणी ठरलेल्या जागी रिते करायचे, पाणी भरून घ्यायचे, जनित्र नेमून दिलेल्या वेळेतच चालवायचे. ज्यांना सगळ्या जोडण्या हव्यात आणि ज्यांची गाडी मोठी आहे, त्यांच्यासाठी शेजारीच ट्रेलर व्हिलेज आहे. आणि जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवावी लागते. २०२४ साली अमेरिकेतल्या चारशेहून अधिक राष्ट्रीय उद्यानांना व स्मारकस्थळांना मिळून ३३ कोटींहून जास्त भेटी झाल्या. गर्दी जमवण्यासाठी मॅदर यांनी खिसा रिकामा केला. त्यांच्या वारसांपुढे ती गर्दी आवरायची कशी, हा पेच आहे.

म्हणून त्यांचे चुकले म्हणायचे काय? दार बंद ठेवले असते तर आत राखण्यासारखे काही उरले असते, याची खात्री कोण देणार? धरणवाले, लाकूडवाले आणि खाणवाले बाहेर उभेच होते. रात्री त्या रानात झोपलेला माणूसच उद्या त्या रानासाठी भांडेल, हा मॅदर यांचा जुगार होता आणि मोठ्या प्रमाणात तो खरा ठरला. फक्त आत येणाऱ्याने आपली लांबी-रुंदी, आपला आवाज आणि आपला कचरा आवरला पाहिजे, ही अट त्या सौद्यात मागाहून लिहिली गेली. ती पाळणे आता आलेल्या प्रत्येकाकडे आहे. त्यात आपल्या मुलांची गाडीही आली.

रात्री दहाला मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये शांततेची वेळ सुरू होते. दिवे मालवतात, शेकोट्या विझतात, अधूनमधून एखादा एल्क गाड्यांमधून निवांत चरत जातो. ज्याच्या मनाला आयुष्यभर शांतता अशी थोडी थोडीच मिळाली, त्या माणसाच्या नावाने इथे शेकडो अनोळखी कुटुंबांना ती रोज मिळते.